व्याह्यांची वरची जागा

लग्नात नवरदेवाचे काका त्र्यंबकराव मुलीकडच्यांच्या बरोबरीने बसायला तयार होईनात. शेवटी मुलीकडचे सतरंजीवर बसले आणि ते एकटे कोचावर.

रात्रीच्या गाडीने वऱ्हाड परत निघालं. पाठराखीण म्हणून नवरीची वेणूआत्या सोबत होती. गुडघे धरलेल्या आत्याला खालचा बर्थ मिळाला होता, त्र्यंबकरावांना सगळ्यात वरचा.

"आत्याबाई, उठा. खाली आम्ही झोपणार," त्यांनी फर्मावलं.

आत्याने हात जोडले. "उठते की! पण काकासाहेब, लग्नात आम्ही तुमच्या बरोबरीलाही बसायचं नव्हतं. आता मी तुमच्या डोक्यावर पाय पसरले, तर आमच्या पोरीने सासरी तोंड कसं दाखवायचं?"

सगळं वऱ्हाड त्र्यंबकरावांकडे बघू लागलं. ते शिडी चढले.

सकाळी आत्याने चहाचा पहिला कप वर धरला. "घ्या, मानाचा!"