शिळेवरचा बारावा पाय

त्या मुलखात कुठलंच मोठं काम एकट्याच्याने संपत नसे. म्हणून रानातली झाडं मोजायची ठरली, तेव्हा बारा जण कुंपणाच्या आत शिळेपाशी जमले, आणि काम संपेपर्यंत दार बंद झालं. सुरुवातीला प्रत्येकाने एकदाच शिळेवर पाय ठेवायचा, ती देईल तो आकडा घ्यायचा आणि आपल्या पट्ट्यातली झाडं मोजायला लागायचं. सशाने हावरेपणाने दुसऱ्यांदा पाय ठेवला, तर शिळेने त्याला सरळ ओढ्यात उडवलं.

म्हाताऱ्या साळिंदराला शून्य मिळालं. तो मनातून खट्टू झाला. पण सगळ्यांची मोजणी शून्याकडेच आणून द्यायची होती. काट्यांच्या भीतीने आजवर ज्याच्याजवळ कुणी बसलं नव्हतं, त्याच्यापुढे आता दिवसभर रांग लागू लागली. कोल्हा तर काम नसतानाही येई. "शून्यराव, माझं आधी घ्या," असं माकड म्हणालं की साळिंदराचे काटे आपोआप खाली बसत.

एके दिवशी झाडं मोजून संपली. आता सगळ्यांनी पुन्हा पाय ठेवायचा होता. मग आकडे जाणार, ओळखी पुसल्या जाणार आणि कुंपणाचं दार उघडणार. शिळा परत कधी जागी होणार नव्हती.

अकरा पाय पडले; हरिणी तर पाय टेकवून दाराशीच जाऊन उभी राहिली. बारावा पडेना, आणि तो पडल्याशिवाय कुणाचीच सुटका नव्हती. साळिंदर म्हणे, बेरीज पडताळून पाहतो. दुपारपर्यंत त्याने ती नऊ वेळा पडताळली. तोवर नवी झाडं उगवतील, असा टोमणा माकडाने मारला.

शेवटी कासव हळूहळू त्याच्यापाशी आलं.

"काय अडलंय, शून्यराव?"

"पाय ठेवला की मला कोण विचारणार?"

कासवाने मान बाहेर काढून दाराकडे पाहिलं. "कुणी नाही. मलाही नाही. पण त्या हरिणीचं पाडस बाहेर उपाशी आहे हो."

साळिंदराने डोळे मिटले आणि पाय ठेवला.

दार उघडलं. हरिणी धावत सुटली. बाकीचे अनोळखी नजरेने एकमेकांना वाट देत पांगले, आणि काटे दिसताच चार पावलं लांबून गेले. कासव सगळ्यांच्या मागे राहिलं होतं. दमून ते शेजारच्या साळिंदराच्या अंगाला टेकलं, तर कवचावर काटे खडखडले.

"कुठले म्हणायचे आपण?" त्याने विचारलं, आणि आणखी नीट रेलून बसलं.