सभापतींचा ओंडका

खाडीपलीकडच्या मुलांना शाळेत येण्यासाठी साकव बांधायचा होता. त्याच्या तुळयांसाठी निलगिरीचे ताजे ओंडके खानविलकरांनी पुरवले होते. खानविलकर पंचायत समितीचे सभापती, त्यामुळे त्यांच्या मालाला नाव ठेवायची कोणाची छाती नव्हती.

करवतगिरणीत लाकूड तपासायला आलेल्या रेवती गोठोस्करांनी ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर यंत्रातून प्रकाश सोडला. परत आलेल्या प्रकाशाची नोंद पाहून त्या म्हणाल्या, "याच्या आत फार ताण आहे. चिरायला घेतलात तर फाटेल."

गावकरी कुजबुजू लागले. बॅटरी मारून लाकडाच्या पोटातलं कळतं होय?

"बाईंना कोणीतरी फूस लावलीय!" सभापती गरजले. "माझा माल चोख आहे. लावा करवतीला, आत्ता, सगळ्यांसमोर!"

ओरडताना ते ओंडक्याजवळ मात्र येत नव्हते, त्यामुळे रेवतीबाईंना वेगळाच संशय आला. या गृहस्थांना ओंडक्याचं दुखणं आधीच ठाऊक तर नाही? त्यांनी यंत्र बंद केलं.

"लावू की. फक्त तुम्ही ओंडक्याशेजारी उभे राहा. माल तुमचा, भरवसाही तुमचाच."

करवत घरघरली, तसे सभापती मागे सरकू लागले, ते थेट फाटकाला जाऊन टेकले.

"अहो, जवळ या ना!" रेवतीबाईंनी हाक मारली.

"नको! फळी उसळते त्याची!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले. रेवतीबाईंनी करवत थांबवायला लावली.

"सभापती, प्रकाश लाकडात किती शिरला ते राहू द्या. गावाच्या डोक्यात मात्र लख्ख पडला!"

ओंडके परत न्यायला ट्रक लागला. तो सभापतींनीच मुकाट्यानं बोलावला.