गिरजाक्काचं गाठोडं

एका माळावर मेंढपाळांचा एक तळ पडला होता. तळाचा म्होरक्या मायाप्पा. त्याची थोरली बहीण गिरजाक्का पालाच्या काठ्या रोवायची, दोऱ्या ताणायची. तिचं काम तेवढंच, असं सगळे समजत.

पण तिच्याजवळ एक गाठोडं होतं. कोकरांची लोकर, लेकरांची टोपडी, तळावरच्या प्रत्येकाची एकेक चिंधी त्यात असे. राखणीला सोडण्याआधी प्रत्येक कुत्र्याला ती ते हुंगवी. जो शेपूट हलवी, तो राखणीला जाई. जो गुरगुरे, त्याला ती पालाच्या काठीशी बांधून ठेवी.

एकदा लांडग्याने दोन मेंढ्या नेल्या. मायाप्पाला काठीशी बांधलेला भुऱ्या आठवला. सगळ्यांत दांडगा कुत्रा.

“त्याला सोडू नको,” गिरजाक्का म्हणाली. “कोकराची लोकर हुंगून गुरगुरलाय तो.”

“कुत्र्यानं गुरगुरायचं नाही, तर काय ओव्या म्हणायच्या?” मायाप्पा हसला आणि त्याने भुऱ्याला सोडलं. “आक्का, तू आपल्या काठ्या रोव.”

दुसऱ्याच दिवशी भुऱ्याने लांडगा पळवून लावला. मायाप्पाने त्याला दुधात भाकरी कुस्करून घातली. “बघितलंस, आक्का?”

“लांडग्यावर धावला ते बघितलं. आपल्यावर धावत नाही, ते बघायचं राहिलंय.”

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक मेंढी व्याली. मायाप्पाची लेक रत्नू ओलं कोकरू उराशी धरून येत होती. भुऱ्याने झेप घेतली. कोकरू गेलं. रत्नूचा हात फाटला. गिरजाक्काने पालाची काठी उपसून त्याला हाणलं, म्हणून पोर वाचली.

दवाखान्यात जखम धुतली, सुया टोचल्या. चार दिवसांनी रत्नूच्या काखेत गाठ आली. मायाप्पा हबकून तिला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेला.

“घाबरू नका, अवधाण आहे, जखमेमुळे सुजलेली गाठ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “शरीराचे राखणदार, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, तिथं जमलेत. त्या गाठीत आधारपेशी असतात. त्या गाठ उभी धरतात, एवढंच आम्हीही पूर्वी समजत होतो. पण याच आधारपेशी राखणदारांना आपल्याच शरीराच्या खुणा दाखवतात. जो आपल्यावरच गुरगुरतो, त्याला आवरतात, नाहीतर संपवतात. हे चुकलं, तर शरीर स्वतःलाच चावू लागतं.”

मायाप्पाने लेकीच्या काखेकडे पाहिलं. “म्हणजे हिच्या काखेतपण एक आक्का बसलीय!”

तळावर येताच त्याने भुऱ्याची दोरी बहिणीच्या हाती दिली. “आक्का, आता तुझ्या गाठोड्याला विचारल्याशिवाय एकही कुत्रं सुटायचं नाही.”

तात्पर्य: परक्याशी लढणारे दात पुष्कळ मिळतात, पण आपलं कोण हे ज्याला कळत नाही, त्या राखणदारासारखा वैरी नाही. म्हणून ही ओळख पारखणाऱ्याला नुसता काठ्या रोवणारा समजू नये.