पुसणीसाने काय पुसलं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या काळी खोटं बोलणाऱ्याला घाम यायचा. लहानांनी ती पुढे सरकून ऐकावी. मोठ्यांनी जरा मागेच बसावं, कारण गोष्टीत उद्धार त्यांचाच आहे.

डोंगरांनी वेढलेलं एक राज्य होतं. राज्याला राजा होता, राजाला सेनापती होता, आणि दोघांवर लक्ष ठेवायला प्रजेची सभा होती. सेनापतीला फौजेसाठी धान्य हवं असलं, नवे शिपाई हवे असले, की त्याने सभेपुढे हात जोडून मागायचं. सभेने लगेच 'घ्या' म्हणायचं नाही. आधी आपला एक माणूस पाठवायचा. त्याने गढ्या बघायच्या, शिपाई बघायचे, काय पुसायचं ते पुसायचं आणि परत येऊन खरं ते सांगायचं. काम पुसण्याचं, म्हणून त्याला म्हणायचे पुसणीस.

तेव्हाचा पुसणीस म्हणजे एक नंबरचा चौकस म्हातारा. बारशाला गेला तर पाळणा कुणाकडून मागून आणलाय ते पुसे. जेवायला बसला तर तूप कधीचं ते पुसे. घरात बायको त्याला विटली होती आणि सभेत सगळे त्याच्यावर खूश होते. असा माणूस आपल्या शेजारी नको वाटतो, पण सेनापतीच्या मागे लावायला फार बरा.

त्या वर्षी सेनापतीने जादा धान्य मागितलं.

"राज्याला तीन गढ्या," तो सभेत म्हणाला. "एक मैदानात, एक नदीकाठी, एक वर खिंडीत. तिन्ही शिपायांनी खच्चून भरल्यात. फक्त त्यांची पोटं तेवढी भरत नाहीत."

"पुसणीस बघून येऊ दे," सभा म्हणाली. "मग बोलू."

पुसणीसाची एकुलती एक लेक त्या दिवसांत माहेरी आली होती. तिचं सासर खिंडीच्या पायथ्याच्या गावात. परत निघताना ती उंबऱ्यात थांबली.

"आबा, आमच्या खिंडीत शिपाई आहेत का हो?"

"नसायला काय झालं? शेकडो आहेत."

"मग आमच्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन कशा मरतात?"

"आता कोंबड्यांचा काय संबंध?"

"शिपाई जवळ असले की गावात कोंबडी टिकते होय? नदीकाठच्या बायकांना विचारा, काय शिव्या घालतात त्या. आमच्याकडे कुणी ताकसुद्धा मागायला येत नाही. तुमचे जावई म्हणतात, आपले शिपाई फार सज्जन. मला काही ते पटत नाही."

पुसणीस पोट धरून हसला.

"हसू नका, आबा. वर जाऊन तेवढं बघून या. अख्खं गाव त्यांच्या भरवशावर झोपतं."

"बघतो की. त्यासाठीच चाललोय ना बये."

पुसणीस मैदानातल्या गढीवर पोचला. नगारा वाजला. शिपाई रांगेत उभे राहिले. पुसणीस प्रत्येकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत चालला. एका शिपायापाशी तो थांबला. गड्याची एका बाजूची मिशी झोकदार होती आणि दुसरी बाजू पार जळून गेलेली.

"हे रे काय?"

"चूल फुंकत होतो जी. तिने उलटी फुंकर मारली."

"लढाईत असाच फुंकर घालत जा म्हणजे झालं," पुसणीस म्हणाला, आणि रांगच्या रांग हसली.

मग सेनापतीने त्याला जेवायला नेलं. पुरणपोळी होती, तिच्यावर तुपाची धार होती. यावेळी तूप कधीचं ते पुसायचं पुसणीसाला सुचलं नाही. जेवणावर विडा झाला. विड्यावर मऊ गादी आली. गादीवर पुसणीसाचा डोळा लागला. उठल्यावर त्याला पालखीत बसवलं आणि धक्के लागू नयेत म्हणून लांबच्या वळणाच्या रस्त्याने सावकाश नदीकाठी नेलं.

नदीकाठच्या गढीत शिपाई रांगेत उभेच होते. पण ही रांग धापा टाकत होती. कुणाच्या बंडीला काटे लागलेले, कुणाची पोटरी ओरबाडलेली, सगळे घामाने निथळत होते. आणि रांगेच्या मधोमध ती जळकी मिशी उभी होती.

पुसणीस थबकला.  आपण गादीवर घोरत होतो तेव्हा हे सगळे रानातल्या आडवाटेने इकडे पळत आले, हे त्याला लख्ख कळलं. म्हणजे मैदानातली गढी आता रिकामी होती, आणि ही मघापर्यंत रिकामी असणार. खिंडीतली तर विचारायलाच नको.

"ही मिशी..." तो म्हणाला.

सेनापतीने त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला नेलं. "पुसणीसराव, तुमच्यासारखी नजर अख्ख्या सभेत नाही. तुम्ही पुसायला आमची ना नाही. पण शिपायांसमोर असलं काही पुसलं की त्यांचं मन खचतं, आणि डोंगरापलीकडच्या लुटारूंना गुदगुल्या होतात. राज्यावर ज्याचा जीव आहे, तो माणूस सगळंच पुसत नाही."

मग त्याने इशारा केला. सगळ्या फौजेने पुसणीसाला वाकून मुजरा केला. पुसणीसाला आजवर कुणी मुजरा केला नव्हता. घरात तर त्याला गरम पाणीसुद्धा दोनदा मागावं लागायचं. त्याने छाती पुढे काढली आणि मिशीचं पुसायचं ठेवूनच दिलं.

"चला," सेनापती म्हणाला, "ताट वाढलंय."

पुसणीस जेवला. मघाच्यापेक्षा एक पोळी जास्तच जेवला, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. हात धुवायला तो ओट्यावर आला, तर पाणी घालायला तोच जळक्या मिशीचा शिपाई. त्याने पाणी घातलं, पंचा पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाला,

"पुसा, सरकार."

पुसणीसाने त्याच्याकडे बघितलं.

"नीट पुसा," शिपाई म्हणाला. "तुम्ही नाही पुसलं तर पायथ्याच्या लोकांनी कुणाकडे बघायचं?"

आता आपल्या भाषेतला हा शब्द भारी लबाड आहे. विचारणं म्हणजेही पुसणं आणि खरकटं काढणं म्हणजेही पुसणंच. शिपाई यातलं कुठलं सांगतोय, ते पुसणीसाला पुरतं कळलं होतं.

पुसणीसाने पंचा घेतला. तोंड पुसलं. हात पुसले. पंचा परत दिला. शिपायाने त्याची घडी घातली, आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

"आता राहिली खिंड," सेनापती म्हणाला. "चढ जीवघेणा आहे हो. तुमचे गुडघे काय म्हणतात? तिथेही असेच शिपाई आहेत म्हणा."

"हो," पुसणीस म्हणाला. "असेच असणार."

वर गेलं तर दिसेल, आणि दिसलं तर बोलावं लागेल. त्यापेक्षा गुडघे दुखलेले बरे, असा त्याने विचार केला. नवल म्हणजे तेवढ्यात ते खरंच दुखायला लागले.

तो सभेत परत आला तेव्हा राजाने विचारलं, "तिन्ही गढ्या पाहिल्यात?"

"पाहिल्या."

"खिंडीतली?"

"भरलेली आहे." कपाळावर घाम आला, तो त्याने उपरण्याने टिपला.

"दमलात," मागच्या बाकावरून कुणीतरी मायेने म्हणालं. "तिथवर गेलात, मग लेकीला भेटलात की नाही?"

"वेळ नाही झाला," पुसणीस म्हणाला.

सभेने टाळ्या वाजवल्या. सेनापतीला जादा धान्य मिळालं. आणि गावोगाव दवंडी पिटली गेली, की खिंडीतल्या गढीत शेकडो शिपाई आहेत, संकट आलंच तर वर गढीकडे जावं, खुद्द पुसणीसाने बघून खात्री केली आहे.

सुगी संपली आणि कणग्या भरल्या. मग लुटारू आले, भर दुपारी, गप्पा मारत आले. खिंडीत त्यांना अडवायला चिटपाखरूही नव्हतं. पायथ्याच्या गावाला पूर्वीसारखं रानात पांगता आलं असतं. पण दवंडी सगळ्यांनी ऐकली होती. गाव वर पळालं. सर्वांत पुढे पुसणीसाचा जावई होता. त्याने गढीचं दार ठोठावलं, हाका मारल्या, शिपायांना दादा म्हटलं, बापा म्हटलं. आतून कुणी ओ दिली नाही. लुटारूंनी त्याला त्या दारापाशीच गाठलं.

गावाचं धान्य गेलं, गुरं गेली. जावई परत आला नाही.

सभा भरली. सेनापतीने आधीच तोंड उघडलं.

"खिंडीतले शिपाई भेकडासारखे पळून गेले. त्यांना पकडून आणलंय. सुळावर द्या."

दोरीने बांधलेले शिपाई पुढे आणले. पहिल्याची मिशी आता दोन्हीकडून उगवली होती, तरी पुसणीसाने त्याला ओळखलं.

"आम्ही खिंडीत कधी नव्हतोच," तो शिपाई म्हणाला.

"पुसणीसरावांनी स्वतः पाहिलंय," सेनापती म्हणाला. "सभेत सांगितलंय. हे खरे की तू?"

तेवढ्यात कडेला उभी असलेली पुसणीसाची लेक पुढे आली. कपाळ मोकळं होतं. ती त्या शिपायासमोर उभी राहिली.

"माझे आबा न बघता बोलायचे नाहीत," ती म्हणाली. "जन्मात कधी बोलले नाहीत. त्यांनी तुम्हाला वर बघितलं, म्हणून आमचे धनी तिकडे पळाले. तुम्ही का सोडून गेलात, तेवढं सांगा."

 शिपायाने पुसणीसाकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. बांधलेला तो होता, पण लाज त्याला वाटली ती पुसणीसाची.

पुसणीस उठला.

"मी वर गेलो नाही."

"मोठ्याने बोला," मागून कुणीतरी म्हणालं. "ऐकू येत नाही."

त्याला तेच पुन्हा म्हणावं लागलं. लेकीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग त्याने सगळं सांगितलं. गढ्या तीन आणि फौज एकच, पालखी, आडवाट, सारं सांगितलं.

"मिशी ओळखलीत, त्याच वेळी का नाही बोललात?" राजाने विचारलं.

यावेळी पुसणीसाने काही सजवलं नाही. 

"ताट वाढलं होतं," तो म्हणाला.

हसण्यासारखंच होतं, पण सभेत कुणी हसलं नाही. बाकीच्यांच्याही माना खाली गेल्या होत्या. लेकीला भेटलात का, हे ज्यांना पुसायला सुचलं होतं, त्यांना आणखी एक प्रश्न पुसणं काही जड नव्हतं. पण टाळ्या वाजवण्यात हात गुंतले होते.

शिपायांच्या दोऱ्या सुटल्या. सेनापतीची तलवार काढून घेतली, त्याची कोठारं फोडली, त्यातलं धान्य पायथ्याच्या गावाला गेलं. नवे शिपाई भरून तिन्ही गढ्यांवर पाठवले. यापुढे तीन पुसणीस एकाच वेळी तीन गढ्यांवर जातील, आणि बघून झाल्याशिवाय कुणाच्या घरचं पाणीही पिणार नाहीत, असं ठरलं.

म्हाताऱ्या पुसणीसाला कुणी शिक्षा दिली नाही. ती दिली असती तर बरं, असं त्याला वाटत राहिलं. एके दिवशी तो एकटाच निघाला आणि खिंड चढून वर गेला. चढ तितकासा अवघड नव्हता. हेच त्याला जास्त लागलं.

उतरताना तो लेकीच्या दाराशी आला. तिने त्याला बघितलं, आत गेली, तांब्या घेऊन आली. तांब्या तिने त्याच्या हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला.

"पाव्हणं, पाणी घ्या," ती म्हणाली आणि आत गेली.

म्हातारा पाणी प्यायला. कशी आहेस, एवढंच पुसायचं होतं. जन्मभर ज्याने सगळ्यांना सगळं पुसलं, त्याच्या तोंडून तेवढं निघालं नाही. तांब्या उंबऱ्यावर ठेवून तो आल्या वाटेने निघून गेला.

तर बाळांनो, आणि मागे बसलेल्या थोरांनो, पक्कं ध्यानात ठेवा: बघायला पाठवलेला माणूस डोळे मिटून घेतो, तेव्हा राज्याचं दार त्यानेच आतून उघडलेलं असतं.