बनाक्काचा हंडा आणि हरवलेली मुंडी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या आज्याच्या तोंडात सगळे दात होते त्या काळात, आमच्या हिरडेवाडीत बनाक्का नावाची एक सुईण होऊन गेली. गाव घाटमाथ्यावरचं. वरची आळी डोंगराला चिकटलेली, खालची आळी ओढ्याकाठी, आणि मधल्या टेकाडावर एकटं बनाक्काचं खोपट. गावातला झाडून सगळा माणूस पहिल्यांदा रडला तो तिच्याच हातावर. त्यामुळं ती कुणाला भीत नव्हती. कुणी मिशीला पीळ देऊन बोलायला लागला की ती एवढंच म्हणायची, "तुला मी उघडा बघितलाय." की मिशी खाली.

आता गावात भांडण होतं. भांडण नसलेलं गाव तुम्ही पाहिलं असेल तर मला पत्ता द्या, मी जाऊन लावून येतो. आमचं भांडण बोकडाच्या मुंडीवरून होतं. हसू नका. गावदेवीच्या जत्रेत बोकड पडायचा, मटणाचे सारखे वाटे व्हायचे, पण मुंडी पडली एकच. ती मानाची. वरच्या आळीचे सुभानतात्या म्हणाले, मुंडी आमची. खालच्या आळीचे येसूअण्णा म्हणाले, यंदापासून आमची. दोघं दुपारपर्यंत हुज्जत घालत बसले, आणि तेवढ्यात मुंडी कुत्र्यानं पळवली. मुंडी गेली ती गेली, भांडण मात्र दोघांनी जपून घरी नेलं.

पाच वर्षं झाली. ह्या आळीनं त्या आळीला चुलीतला विस्तव द्यायचा नाही, त्या आळीनं ह्या आळीच्या दारात चप्पल काढायची नाही. शेळ्या सगळ्या वरच्या आळीत, घेवडा सगळा खालच्या आळीत. वरच्यांनी पाच वर्षांत घेवड्याचा दाणा चाखला नाही, आणि खालच्यांनी मटणाचा वास घेतला तो वाऱ्यावर आला तेवढाच.

यात गंमत अशी, की सुभानतात्या आणि येसूअण्णा होते एकमेकांचे व्याही. भांडणाच्या आधीच तात्यांची लेक सगुणा अण्णांच्या घरात सून म्हणून गेली होती. पाच वर्षं तिनं माहेरची उतरंड बघितली नव्हती. घर दिसायचं अंगणातून, पण जायचं नाही.

आणि त्या पौषात सगुणा बाळंत झाली.

त्या वर्षी गारठा असा पडला, की पानावरचं दहिवर गोठून काचेसारखं वाजायचं. कोंबड्यांना चोच उघडवेना, म्हणून दोन दिवस गावात उजाडलंच नाही, असं म्हणतात. खरंखोटं कोंबड्यांना ठाऊक. सगुणाचे पाय दगडासारखे गार. अंगावर दूध येईना. बाळ पहिल्या दिवशी रडलं ते ओढ्यापलीकडं ऐकू गेलं, दुसऱ्या दिवशी ओसरीपर्यंत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कान लावला तरी ऐकू येईना. बनाक्कानं डिंक देऊन बघितला, ओवा शेकून बघितला. मग ती उठली आणि म्हणाली, हिच्या पोटात खूर-मुंडीचा कढत रस्सा गेला पाहिजे, आजच्या आज. नाहीतर उद्या मला बोलवू नका.

ती तशीच वरच्या आळीत गेली. वर शेळ्या होत्या, पण सगळ्या गाभण. कापायजोगा एकच बोकड, तोही इतका म्हातारा की त्याची दाढी तात्यांपेक्षा लांब. लेकीचं नाव काढल्यावर तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बोकड नेऊ दे, म्हणाले. पण मुंडी खाली जाता कामा नये, ती माझ्या घरी परत आली पाहिजे. बनाक्का म्हणाली, देते आणून.

मग ती खाली आली. येसूअण्णा ओसरीवर घोंगडी पांघरून बसलेले. ते म्हणाले, वरच्यांचं फुकटचं माझ्या घरात शिजणार नाही, माझा घेवडा त्यात पडला तरच सून खाईल. आणि मुंडी माझ्या घरी आली पाहिजे. बनाक्का म्हणाली, देते आणून.

एक मुंडी, दोन घरं. आता तुम्ही म्हणाल, बाई खोटं बोलली. बोललीच. मी तर म्हणतो, बाळासाठी आणखी दोनदा बोलली असती तरी चाललं असतं.

गावात मोठा तांब्याचा हंडा एकच, आणि तो बनाक्काच्या अंगणात, कारण दोन्ही आळ्यांची बाळं ती त्यातल्याच ऊन पाण्यानं न्हाऊ घालायची. तिनं तीन धोंडे मांडले आणि हंडा चढवला. सूर्य तेव्हा हातभर वर आला होता. घेवडा भिजवलेला नव्हता, खड्यासारखा टणक. बोकड त्याहून टणक. दोन्ही एकदमच घातले. खूर घातले, कातडी भाजून, बारीक फोडून मुंडी घातली, लसणाचे गड्डे, सुकं खोबरं, मिरी, ओवा, सापडेल ते घातलं. मीठ घातलं नाही, कारण मीठ आधी पडलं की घेवडा रुसतो, तो मग जन्मात शिजत नाही. वर परात, परातीवर पाटा.

शेजारपाजारच्या बाया जमल्या आणि शहाणपण शिकवायला लागल्या. एक म्हणाली, "आक्का, घेवडा वातूळ गं. बाळंतिणीला देतात व्हय?"

"दाणा तिला कोण देतंय?" बनाक्का म्हणाली. "तिला नुसता वरचा रस्सा. दाणा त्या दोन म्हाताऱ्यांना. त्यांच्यात वारा आधीच भरलाय, आणखी थोडा मावंल."

जाळ मोठा होता आणि गारठा त्याहून मोठा. म्हणून दोन्ही आळ्यांतली माणसं हळूहळू शेकायला आली. जाळाच्या एका बाजूला वरची आळी, दुसऱ्या बाजूला खालची. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. पण धुराला काय आळी असते? धूर वरच्यांच्या तोंडावर आला की ते खोकत खालच्यांकडं सरकायचे, वारा फिरला की सगळे मिळून पलीकडं. दुपार टळेपर्यंत माणसं अशी मिसळली, की कोण कुठल्या आळीचं ते धुरालाही ओळखेना.

दुपार टळल्यावर बनाक्कानं परात सरकवली. वरचा तवंगासकट रस्सा फडक्यातून गाळला, चिमूटभर मीठ टाकलं आणि वाडगा पदराखाली झाकून ती खाली पळत सुटली. सत्तरीची बाई, पण असं म्हणतात की वाटेतल्या दहिवरावर तिचं पाऊल उमटलं नाही. तिनं सगुणाला उठवून बसवलं.

"ह्यात माहेर हाय आणि सासरबी हाय," ती म्हणाली. "कढत हाय तंवर पी."

सगुणानं एक घोट घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला ती रडायला लागली. बनाक्कानं बाळाला तिच्या कुशीत दिलं आणि ती टेकाडावर परत आली. दूध येतंय की नाही, तिलाही माहीत नव्हतं.

दिवस कलला. आता दोन्ही म्हातारे हंड्यापाशी येऊन उभे, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. बनाक्कानं मीठ घातलं, ढवळलं आणि परात काढली. वाफ उठली ती सरळ वर गेली आणि टेकाडावर दोन वाटांनी फुटली. एक लोट वरच्या आळीत शिरला, एक खालच्या, आणि दोन्हीकडच्या छपरांवरचं दहिवर टपटप गळायला लागलं, असं म्हणतात.

"मुंडी?" तात्या म्हणाले.

"मुंडी?" अण्णा म्हणाले. पाच वर्षांत दोघं एकच शब्द बोलले, तो हा.

"ह्यातच हाय," बनाक्का म्हणाली. "शोधा." आणि दोघांच्या हातात एकेक पळी दिली.

शोधायला लागले. पण दिवसभर शिजून हाडं सुटली होती, मांस घेवड्यात उतरलं होतं, घेवडा रश्श्यात. पळीत काय आलंय ते बघून कळेना, म्हणून तात्यांनी चाखलं. ही मुंडी असेल काय, म्हणून आणखी चाखलं. अण्णांना वाटलं हा सगळी मुंडी संपवतोय, म्हणून त्यांनी दोन पळ्या ओढल्या. पाच वर्षांनी तात्यांच्या तोंडात घेवडा पडला होता आणि अण्णांच्या तोंडात मटण. दोघांची नाकं गळायला लागली, कपाळाला घाम आला. अण्णांनी घोंगडी टाकली. तात्यांनी मुंडासं सोडून तोंड पुसलं. सगळं गाव बघत होतं, आणि कुणी हसायचं धाडस करत नव्हतं.

तेवढ्यात खालच्या आळीतून आवाज आला. आधी बारीक. मग जरा मोठा. मग असा, की ओढ्यापलीकडची पाखरं उडाली. पोटात दूध गेलेलं बाळ अंगात जोर येऊन हट्टानं रडतं ना, तसा.

दोन्ही पळ्या हवेतच राहिल्या. तात्यांना वयोमानानं ऐकू कमी यायचं. त्यांनी मान तिरकी केली आणि विचारलं, "कुणाचं वं रडतंय?"

अण्णांनी नाक पुसलं. "आपलं," ते म्हणाले.

मग तात्या मटकन खालीच बसले. अण्णांनी आपली घोंगडी उचलून त्यांच्या खांद्यावर टाकली. बनाक्का चुलीकडं तोंड करून लाकडं सारखी करत राहिली, आणि धूर नसताना डोळे चोळत राहिली. त्या संध्याकाळी तात्यांनी खालच्या आळीत जाऊन लेकीच्या दारात चप्पल काढली. आख्ख्या गावानं त्या हंड्यातून तीन-तीनदा वाढून घेतलं, तरी हंडा सरला नाही, असं म्हणतात. मुंडी कुणाला मिळाली, ते आजवर कळलेलं नाही.

बनाक्का कधी गेली, कुठं गेली, तेही कुणी सांगत नाही. कुणी म्हणतं, एका पौषात ती पळी घेऊन धुक्यात शिरली, गारठ्याला चार शब्द सुनवायला. तेव्हापासून गारठा दरवर्षी आमच्या वेशीपर्यंत येतो, हंड्याचा वास घेतो आणि मुकाट मागं फिरतो. बाकीची गावं कुडकुडतात, त्याला आमचा इलाज नाही.

अजूनही पौषात टेकाडावर तोच हंडा चढतो. बोकड वरच्या आळीचा, घेवडा खालच्या आळीचा. पहिला रस्सा गाळून त्या वर्षीच्या बाळंतिणीला जातो, ती कुठल्याही आळीची असो. मग वाढणाऱ्याच्या डोळ्यांवर फडकं बांधतात, म्हणजे कुणाच्या ताटात काय पडलं ते त्यालाही कळू नये. आणि जेवताना जो कुणी "मुंडी कुठंय?" असं विचारेल, त्यानं राखेनं हंडा घासायचा, हा गावाचा दंड.

हा दंड मला सलग अकरा वर्षं झालाय. लोक म्हणतात, म्हातारा येडा, दरसाल विसरतो. म्हणू देत. हंड्याच्या बुडाला जी खरवड धरते ना, ती घासणाऱ्याची.