जंगली टोळीतला मसूद

“चाचा, माणसाला घाबरवायचं कसं?”

मसूदने उभ्याउभ्याच विचारलं.

याकूतचाचा अंगणात बसून ढोलाच्या दोऱ्या आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मसूद सहा वर्षं त्यांच्याकडे ढोल शिकत होता. रायगडच्या या किनाऱ्यावर सिद्द्यांची घरं थोडीच. त्यांचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून समुद्रावरून आले. आताच्या माणसांना घर ठाऊक ते हेच आणि भाषा इथलीच. मसूद जेट्टीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तिथेच एका मालिकेच्या डायरेक्टरने त्याला हेरलं. उंची, रंग, केस पाहिले आणि नाव विचारायच्या आधीच काम दिलं.

तेव्हापासून मसूद जरा ताठ चालायचा. एस. टी. स्टँडवर कुणी वळून पाहिलं की त्याला बरं वाटायचं.

काम जंगली टोळीतल्या माणसाचं होतं. त्याने नायिकेला खांद्यावर टाकून पळवायचं आणि गुरगुरायचं. बोलायचं काही नाही. नायक येईपर्यंत तिने किंचाळायचं. पण पहिल्या दिवशी मसूदला गुरगुरणं जमलं नाही. डायरेक्टर म्हणाला, तुमच्या रक्तातच असतं ते, काढ बाहेर. मसूदने मनापासून शोधलं... काही निघेना.

“दाखव बघू,” चाचा म्हणाले.

मसूदने डोळे वटारले, दात विचकले आणि त्यांच्या अंगावर धावून जात गुरगुरला.

चाचांनी त्याची हनुवटी धरली. तोंड उजेडाकडे वळवलं. आत निरखून पाहिलं.

“मागची दाढ किडलीय. डॉक्टरला दाखव.”

मसूद मटकन खाली बसला. त्याला वाईट वाटलं. सगळं गाव मालिका बघणार आणि तुम्हाला चेष्टा सुचते, असं तो म्हणाला. चाचांनी त्याला पाणी दिलं आणि तिथे आणखी कोण कोण असतं ते विचारलं.

मग मसूद ऋजुताबद्दल सांगू लागला. ऋजुता म्हणजे ती नायिका. काल जेवणाच्या सुट्टीत खुर्च्यांखालून विंचू निघाला. नायक टेबलावर चढला, डायरेक्टर खुर्चीवर. मसूदही चढला, हे त्याने जरा हळू सांगितलं. ऋजुताने विंचवावर पेला उपडा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि त्याला कुंपणापलीकडे सोडून आली. हात धुतले. मग कॅमेऱ्यासमोर जाऊन किंचाळली.

चाचा खूप वेळ हसले. हसून झाल्यावर म्हणाले,

“मग ती किंचाळते कशाला?”

“तसं लिहिलंय.”

“आणि तू गुरगुरतोस ते?”

मसूदने पाण्याचा पेला खाली ठेवला.

“...तसं लिहिलंय.”

चाचा पुन्हा दोऱ्या आवळू लागले.

दुसऱ्या दिवशी मसूदने ऋजुताला खांद्यावर घेतलं. ती किंचाळली. मसूदने गुरगुरायला तोंड उघडलं आणि त्याला खुर्चीवर चढलेला डायरेक्टर आठवला. हसू फुटलं. तो का हसतोय हे तिला कळलं असावं, कारण खांद्यावर तीही हसू लागली. तीन वेळा असंच झालं.

चौथ्या वेळी मसूदने विचारलं, या माणसाला एखादं वाक्य देता येईल का? हा घरी बायकोशी काय बोलतो?

जंगली लोक बोलत नसतात, डायरेक्टर म्हणाला.

मसूदने ऋजुताला जपून खाली उतरवलं. उद्यापासून येऊ नकोस, असं त्याला सांगण्यात आलं. निघताना ऋजुताने त्याला गावाचं नाव विचारलं आणि ढोल ऐकायला येईन म्हणाली.

मसूद घरी न जाता तडक चाचांकडे आला. काम गेल्याचं दुःख होतं, पण अंग हलकं वाटत होतं, आणि तेच त्याला कळत नव्हतं. त्याच्या जागी एक गोरा मुलगा घेतला होता, असं त्याने चाचांना सांगितलं. मसूदच्या देखतच त्याला नखशिखांत काळा रंग फासून पाहिला होता. तो फार छान गुरगुरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चाचांनी ढोल त्याच्यापुढे सरकवला. दोघं वाजवत बसले. उन्हं अंगणातून भिंतीवर चढली. मसूदचा हात आज सैल, मोकळा पडत होता. चाचा मान डोलावत होते.

मग चाचा थांबले.

“त्या पोराने नंतर रंग धुतला?”

“हो. तिथेच नळावर. साबण लावून.”

“सगळा गेला?”

“सगळा.”

चाचांनी ढोलावर हलकेच एक थाप दिली.

“मग तो जंगली... कुठे गेला?”