भिवराईची ओली भिंत

फार वर्षांपूर्वी, म्हणजे खडकुंब्याच्या देवळाला कळससुद्धा नव्हता तेव्हा, गावात शेळक्यांचं माळवद उभं राहिलं. माळवद म्हणजे काय ते हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. भिंती पांढऱ्या मातीच्या आणि एवढ्या रुंद की आत माणूस आडवा निजावा. वर सपाट छत. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर पुन्हा पांढरी माती. उजेड यावा म्हणून छताला भोक, त्याला सवणं म्हणायचं. आणि मधल्या भिंतीच्या पोटात बळद, म्हणजे धान्याची कोठी. छतावरून धान्य ओतायचं, खालच्या तोंडातून लागेल तसं काढायचं. आता त्या घरापुढे सरकारी पाटी आहे आणि भिंतींना हात लावायला मनाई आहे. मधल्या भिंतीला हात लावायची हौस तशीही कुणाला नाही.

ती भिंत ओली असते. वैशाखात विहिरींना तळ दिसतो, तेव्हासुद्धा ती ओली असते.

त्या घराचं लिंपण भिवराई करायची. नवरा लवकर गेला, पदरात एक लेक, गोजरा. ती बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचं लेकरू अजून पाळण्यात घातलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात लुटारूंची टोळी बालाघाट उतरून आली. शेजारच्या गावाचा धूर दिसायला लागला. गडीमाणसं गुरं घेऊन चाऱ्यापाण्यासाठी लांब गेलेली, म्हातारी माणसं काट्याकुट्यांत जाऊन लपली. राहिल्या तरण्या बायका आणि लेकरं. लेकरं घेऊन धावून धावून जाणार किती? टोळीकडे घोडे होते.

दुष्काळानं बळद रिकामं पडलं होतं. भिवराईनं सगळ्यांना त्यात घातलं. वरच्या तोंडावर फुटका माठ पालथा ठेवला, म्हणजे वारा जाईल. खालचं तोंड मात्र बुजवायला हवं होतं आणि ते आतून बुजवता येत नाही.

“आये, तू बी ये की गं,” गोजरा आतून म्हणाली.

“मी आले तर भोक कोनी लिंपायचं? लेकराला पाजत ऱ्हा. रडू देऊ नको.”

एवढं बोलून तिनं चिखल भरला आणि लेकीचं तोंड दिसेनासं झालं. कोरड्या भिंतीवर ओला डाग उठून दिसत होता. आंधळ्यानंही बोट ठेवलं असतं. मग तिनं पदर खोचला आणि सगळी भिंत लिंपायला घेतली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. थप, थप, थप. टोळी दारात आली तेव्हा भिंत सगळीकडून सारखी ओली होती.

“लिंपतीयेस कशाला?” म्होरक्यानं विचारलं.

“पटकी आली. घरातली समदी गेली. मयताचं घर लिंपाया नगं का?”

पटकीचं नाव ऐकून त्याची माणसं दोन पावलं मागं सरली. म्होरक्या हलला नाही. त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग सवण्यातून पडलेल्या उन्हाकडे पाहिलं आणि खाली बसला.

“मीही मातीच्याच घरात जन्मलो, म्हातारे. वरचं लिंपण घटकाभरात वाळतं. बुजवलेलं भोक वाळत नाही. बसू या आपण.”

त्यांनी तिला ओढत अंगणात आणलं आणि खांबाला हात मागं बांधले. तिथून दारातून भिंत दिसत होती. ऊन रणरणतं. भिंत वरून पांढरी होत खाली यायला लागली. वीतभर झाली, हातभर झाली. भिवराईच्या जिभेला कोरड पडली. वाळू नको, ती मनात म्हणत होती, वाळू नको गं बाई. तिला देव आठवेना, नवऱ्याचं तोंड आठवेना, नुसती भिंत दिसत होती. सगळीकडे पांढरं झालं आणि मधोमध, बळदाच्या तोंडाएवढा, काळा गोल डाग राहिला. म्होरक्या हसला आणि कुदळ मागितली. भिवराईनं डोळे मिटले.

आणि आत आवाज आला. थप.

म्होरक्यानं वळून पाहिलं. वाळल्या भिंतीवर ओल्या पंजाचा ठसा उमटला होता. मग दुसरा. मग तिसरा. भिंतीपाशी कुणी नव्हतं. पाच बोटं भिंतीवरून फिरत होती, मागं ओला चिखल ठेवत होती आणि काळा डाग त्यात बुडून चालला होता. एक माणूस ओरडत अंगणात पळाला आणि तिथंच खिळला. म्हातारी खांबाला टेकून गार पडली होती. दोर जसेच्या तसे होते. पण बांधलेल्या हातांवरून ताजा चिखल टपटप गळत होता, असं म्हणतात.

टोळीनं घोडे पिटाळले ते परत कधी बालाघाटाच्या या अंगाला दिसले नाहीत.

दिवस मावळता म्हाताऱ्यांनी येऊन भोक फोडलं. सगळ्या बायका जिवंत, लेकरं जिवंत. गोजरानं आईला पाहिलं आणि हंबरडा फोडला, तर बायकांनी तिचं तोंड दाबलं. टोळी परतली तर? तिला धरून, ओढत, सगळे रानाकडे पळाले. त्या भीतीत एक गोष्ट राहून गेली. लुटारू गेले, हे भिवराईला कुणी सांगितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी गाव परतलं. भिवराईला अग्नी दिला, रक्षा नदीत सोडली. आणि घरात येऊन पाहतात तर फोडलेलं भोक लिंपलेलं, भिंत ओली.

तेव्हापासून दर वैशाखात, अमावास्येच्या सकाळी, गावातल्या लेकुरवाळ्या बाया शेळक्यांच्या घरी जातात. पाटीजवळचा राखणदार त्या दिवशी कुंपण उघडतो आणि स्वतः बाहेर थांबतो. बाया भिंतीपाशी पाण्याचा तांब्या ठेवतात. जिचं लेकरू सगळ्यात तान्हं, ती त्याला भिंतीसमोर धरते आणि सांगते, “भिवराई, गेले गं ते. लेकरं सुखरूप हायेत. हात धू आता.”

मग सगळ्या बाहेर येतात, दार ओढून घेतात आणि वाट पाहतात. दुपारी दार उघडलं की तांब्यातलं पाणी तसंच असतं. भिंतीवर नवा हात फिरलेला असतो.